वाकडा खिसा

"हे माझं नाही," पोरगी म्हणाली, आणि हॉलमधली कुजबुज एकदम तुटली.

आजीने मान वर केली. तिला लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं होतं. गुडघे हनुवटीला भिडत होते, आणि इतका वेळ ती पुढे बसलेल्या बाईच्या कोटाची पाठ न्याहाळत होती. मानेपाशी शिवण सुरकुतली होती, म्हणजे तो तिच्या हातचा नव्हता हे वेगळं सांगायला नको. आवाज कानावर पडला तेव्हा तिला आधी वाटलं, दुसरीच कोणी मुलगी बोलली. नातीचा आवाज तिला ओळखीचा होता. तो कानाशी यायचा, ऊबदार, श्वासासकट, केसांना गुदगुल्या करत. मशीन चालू असलं तरी तिला एकटीला ऐकू जाईल एवढाच. हा आवाज मात्र समोरच्या भिंतीवर जाऊन आपटला होता आणि तिथून परत येऊन सगळ्यांच्या मांडीत पडला होता, कोणीही उचलावा असा.

"मग कोणाचं आहे?" हेडमास्तरांनी विचारलं.

 पोरीपुढच्या टेबलावर निळ्या कापडाचा ॲप्रन पसरून ठेवला होता. कमरेला बांधायचा, पुढे दोन खिसे, कडक इस्त्री, शिवण अशी सरळ की पट्टी लावून बघावं. त्या ॲप्रनकडे पोरगी अशी बघत होती की जणू ताटात कोणीतरी मेलेली पाल वाढली आहे. शेजारी टाळीबाई दोन्ही हात छातीशी धरून उभी होती, डोळे मोठे करून, एक पाय पुढे टाकून. पोर अजून एक शब्द बोललं की लगेच टाळी द्यायची ह्या तयारीत. आजीला ती बाई पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती. तिला खरं नाव होतंच, पण ते लक्षात ठेवायची तसदी आजीने घेतली नव्हती. एखाद्या पोराने शेंबूड पुसला तरी टाळ्या वाजवायच्या आणि बाकीच्या पोरांना वाजवायला लावायच्या, ही त्या बाईची विद्या. त्यावर पगार मिळत होता म्हणे.

हॉलमध्ये बसलेल्यांपैकी कोणाचं माप आजीला ठाऊक नव्हतं असं नव्हतं. निम्म्या पोरांचे गणवेश तिने शिवले होते, आणि त्यांच्या आयांच्या कमरा वर्षागणिक कशा पसरत गेल्या ते तिच्या टेपला माहीत होतं. हेडमास्तरांची पँट ती दर वर्षी सैल करायची आणि ते दर वर्षी सांगायचे, कापड धुतल्यावर आकसलं. अशी ही माणसं. समोर माप द्यायला उभी राहिली की पोट आत ओढणारी. आज तीच माणसं ओळीने बसून एका पोरीचं माप काढत होती, आणि पोरगी बोलत नव्हती.

बोलत नव्हती ते आजचं नव्हतं. तिची आई, म्हणजे आजीची धाकटी, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा पोरीला इथे ठेवून गेली, आणि त्यानंतर पोरीचं तोंड बाहेरच्यांसाठी बंद झालं. शाळेत हजेरीला हात वर करायची, ओ नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं की आजीच्या कानाशी यायची आणि आजी मोठ्याने सांगायची, "हिचं पोट दुखतंय, काल रात्रीपासून." गिऱ्हाईक कौतुकाने म्हणायचं, काय ग, नाव काय तुझं, तर आजी सांगायची, "तिला नाही आवडत तुमच्याशी बोलायला, मला सांगा काय ते." लोकांना वाटायचं म्हातारी बिचारी किती करते पोरीचं. करत होतीच. पण त्यात एक मजाही होती, ती कोणाला सांगायची नव्हती. एवढ्या मोठ्या जगात त्या पोरीला बोलायला एकच कान होता आणि तो आजीचा होता. गल्लीतले लहानथोर तिला मावशी म्हणत. आजी म्हणायचा हक्क एकीचाच, तोही हळू आवाजात.

म्हणूनच टाळीबाई पहिल्यांदा दुकानात आली आणि "आजी, तुमची नात खूप हुशार आहे हं," म्हणाली तेव्हाच बिनसलं.

"माहीत आहे. आणि मी तुमची आजी नाही."

"सॉरी. मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. माप द्यायचंय का?"

"नाही, मी शाळेतून आलेय. शाळा सुटल्यावर काही मुलांना आम्ही थोडा वेळ थांबवून घेतो. वाचन, गोष्टी, खेळ, हाताने काहीतरी करून बघणं. म्हणजे ज्या मुलांना घरून आधार जरा कमी पडतो..."

"कुठे कमी पडतो?"

बाई गडबडली. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मग कसं होतं? छप्पर दाखवू का ताट दाखवू? का तिचे गणवेश दाखवू? तुमच्या कुडत्याला काखेत टाका सुटलाय, माझ्या पोरीच्या अंगावर एक सुटलेला टाका दाखवा."

बाईने हात उचलून काख बघितली. खरंच सुटला होता. ती हसली, आणि हसली याचाही आजीला राग आला. अपमान केला की माणसाने निदान तोंड तरी पाडावं. ही जात वेगळीच, चापट मारली तरी म्हणणार, वा, छान मारलीत. पोरगी कापायच्या टेबलाखाली बसून ऐकत होती. तिची ती जागाच होती, चिंध्यांच्या ढिगात, आजीच्या पायांपाशी, जिथून आजीचे हात तेवढे दिसत. बाई गेल्यावर ती बाहेर आली आणि कानाशी येऊन म्हणाली, "मला जायचंय तिकडे." त्या वाक्यात काही विशेष नव्हतं. पण त्या रात्रभर आजीला कानात तीच कुजबुज वळवळत राहिल्यासारखी वाटली होती. काय कमी पडलं हिला, की हिला तिकडे जायचंय?

पाठवलं. न पाठवून करते काय, हेडमास्तर स्वतः येऊन सांगून गेले होते, पँट सैल करायला आले तेव्हा. पोरगी लिहिते ठीक, पण तोंडी काहीच देत नाही. यंदा बोलली नाही तर पुन्हा त्याच वर्गात बसवावं लागेल, नियम आहे. बाईंनी गळ घातली म्हणून एक संधी देतो. वर्षाअखेर प्रदर्शन असतं, त्यात पोराने स्वतःच्या हातचं काहीतरी आणायचं आणि चार माणसांसमोर त्याबद्दल बोलायचं. बोलली तर वर, नाहीतर आहे तिथेच. हे त्यांनी टेप कमरेभोवती असताना, श्वास आत ओढून सांगितलं. आजीने टेप जरा जास्तच आवळला. त्याच वर्गात पुन्हा बसणं म्हणजे काय ते त्या माणसाला कुठून ठाऊक असणार. तिला ठाऊक होतं. स्वतःच्या लहानपणी ती तशीच बसली होती, आपल्याहून बुटक्या पोरांमध्ये, बाकाखाली न मावणारे पाय घेऊन, आणि मग एके दिवशी बापाने शाळेतून काढून मशीनवर बसवलं तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. पोरीला असं सुटल्यासारखं वाटायला नको होतं.

त्यानंतर संध्याकाळी पोरगी नवीनच काही घेऊन यायची. "आज सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या मला," ती कानाशी म्हणाली एकदा.

"कशाबद्दल?"

"माझं चुकलं म्हणून."

"चुकल्याबद्दल?"

"चूक कुठे झाली ते मी बोटाने दाखवलं. म्हणून."

"अस्सं. मग उद्या मी हेडमास्तरांच्या पँटीला एक पाय उलटा लावते, आणि बोटाने दाखवते. बघू किती टाळ्या पडतात."

पोरगी तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत हसली. आवाज न करता हसायची ती. आजीला बरं वाटलं, टाळीबाईवर मात केल्यासारखं. तिच्या दुकानात असली थेरं चालत नसत. शिवण वाकडी गेली तर उसवायची आणि परत घालायची, त्यात सोहळा कसला? कोणाला शाबासकी द्यायची तिला सवय नव्हती आणि कोणाकडून घ्यायचीही नव्हती. कपडा नीट बसला की गिऱ्हाईक आरशात बघून स्वतःवरच खूश होतं. शिवणाऱ्याचं तेव्हा त्याच्या ध्यानातही नसतं. काम चांगलं असलं की बोलावं लागत नाही, एवढं तिने आयुष्यात एकच धरून ठेवलं होतं. आणि आता त्या एकाच गोष्टीला आतून कसर लागली होती.

अंगठा. उजव्या हाताचा. थंडी सुरू झाली तेव्हापासून तो मुळाशी असा आखडला की वाकायचं नावच घेईना. आधी सकाळचाच, मग दिवसभर. खडू धरायला गेलं की अंगठा लाकडाच्या खुंटीसारखा बाजूला. ती खडू दोन बोटांत धरायला शिकली. काज करायचं काम डाव्या हातावर ढकललं, बटणं अंधूक उजेडात, दार ओढून लावायला लागली. गिऱ्हाइकाच्या अंगावर टाचणी लावताना ती म्हणायची, "वर बघा, मान ताठ, श्वास धरा," आणि माणूस छताकडे बघत असताना काय ती कसरत करायची. ॲप्रनच्या खिशातून खडू काढायचा तर चार बोटं आत जायची आणि अंगठा बाहेर अडायचा. मग ती खिसाच उलटा करून खडू पाडायची आणि उचलायच्या निमित्ताने वाकायची. कोणाला कळलं नव्हतं. कळलं असतं तर कोपऱ्यावरच्या काचेच्या दुकानात, जिथे बिनडोक्याच्या पुतळ्यांना कोट घालून उभं करतात, तिकडे सगळी गल्ली पळाली असती, आणि जाताना हळहळली असती. पळालेली परवडली असती. हळहळ नको होती.

आणि आज सकाळी, पोरगी अंघोळीला गेलेली असताना, मशीनवर कागदात गुंडाळलेलं ते बोचकं दिसलं. आठवडाभर ती ते छातीशी धरून नेत आणत होती आणि दाखवत नव्हती. त्या बाईने सांगितलं होतं म्हणे, घरी आधी दाखवायचं नाही. घरी नाही दाखवायचं. ज्या घरातलं कापड, ज्या घरातला दोरा. आजीने कागद सोडला आणि बघतच राहिली. गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाचा ॲप्रन. एक खिसा सरळ, म्हणजे सरळ म्हणायचा. दुसरा पार कललेला, तोंड बाहेरच्या अंगाला, आणि तेही भगदाडासारखं उघडं, वरची कड दुमडून परत दुमडलेली. टाके दारुड्याच्या चालीने गेलेले. नाडी तर एवढी लांब की पोरीच्या कमरेला दोन वेढे द्यावेत. हे घेऊन ही सगळ्यांसमोर उभी राहणार. तोंडातून शब्द फुटणार नाही, हातात हे लक्तर, आणि सगळं शहर बघणार की टेलरबाईच्या घरातल्या पोरीला साधा खिसा लावता येत नाही. आणि ती बाई टाळ्या वाजवणार. आजीच्या डोळ्यांपुढे त्या टाळ्याच आल्या. तिने उसवायला घेतलं. अंगठा ठणकत होता, तरी हात झपाझप चालले. कललेला खिसा काढून दुसऱ्याच्या रेषेत बसवला, तोंड बेताचं ठेवलं, टाके नवे घातले, नाडी पोरीच्या मापाने कापली, इस्त्री फिरवली. कोणाला काही विचारायची गरजच पडू नये असं काम. पोरगी गप्प उभी राहिली तरी चालेल, कापड बोलेल. पुन्हा तसंच कागदात गुंडाळलं. कितीतरी दिवसांत एवढं समाधान तिला झालं नव्हतं. दुपारी शाळेकडे येताना ती रस्ताभर ताठ चालली होती.

"मी काय विचारलं?" हेडमास्तर म्हणाले. "तुझं नाही तर कोणाचं?"

"आजीचं," पोरगी म्हणाली.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. माना वळल्या. शेजारच्या खुर्चीवरची दवाखान्यातली नर्स आजीच्या कानाशी कुजबुजली, "मावशी, तुम्हीच शिवून दिलंत होय? मला वाटलंच, एवढं सफाईदार." कानाशी दुसऱ्या माणसाचा श्वास आला तसं आजीने डोकं झटकन बाजूला घेतलं.

"म्हणजे दुसऱ्याने केलेलं तू आणलंस," हेडमास्तर म्हणाले.

"मी केलं होतं. आजीने उसवलं." पोरीचा आवाज मधेच चिरकला, पण थांबला नाही. "तिला वाटलं खिसा वाकडा झाला."

"वाकडा होता का?"

"हो. वाकडाच लावला होता. मुद्दाम."

"खिसा कोणी मुद्दाम वाकडा लावतं का? चुकला असेल, आणि आता आजीवर ढकलतेयस."

टाळीबाई पुढे झाली. "बोल ना ग, का लावला होतास वाकडा?"

पोरगी आजीकडे बघत होती. सबंध हॉल ओलांडून, सगळ्यांच्या डोक्यांवरून. ह्या बघण्याची आजीला सवय होती. ह्यानंतर पोरगी चालत यायची, कानाशी वाकायची, आणि आजी उठून सगळ्यांना सांगायची काय ते. आजीने नकळत डोकं थोडं कलतं केलंही, कान पुढे करून. पण पोरगी जागची हलली नाही.

"आजीचा अंगठा वाकत नाही," तिथूनच ती म्हणाली. "सरळ खिशात तिचा हात जात नाही. मला टेबलाखालून दिसतं. ॲप्रन तिच्यासाठी होता."

 आजीला पहिल्यांदा जाणवली ती नाडी. किती लांब होती ती, आणि तिने कशी तोऱ्यात कापली होती, एवढं पोट असतं कोणाचं म्हणून. मग जाणवलं की हॉलमधला एकजात प्रत्येक माणूस तिच्या हाताकडे बघतो आहे, आणि तिने तो कधीचाच मांडीत, डाव्या हाताखाली, दडवला आहे.

"खरं आहे का हो हे?" हेडमास्तर थेट तिच्याकडे बघून म्हणाले. "माझे कपडे तुमच्याकडेच असतात. मला तर कधी काही दिसलं नाही."

दिसेल कसं, छताकडे बघत असता, हे तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. कारण त्या माणसाने नकळत दार उघडून दिलं होतं. "पोर आहे, काहीही बोलते." एवढंच म्हणायचं. सगळ्यांना ते पटलं असतं. वर्षभर तोंड न उघडणारी पोरगी, आज घाबरून काहीतरी बरळली. उद्या हीच माणसं कापड घेऊन दुकानात आली असती, पोट आत ओढून उभी राहिली असती. पोरगी त्याच वर्गात, त्याच बाकावर बसली असती. आणि, हा विचार इतक्या मऊ पावलांनी आला की तिला तो हाकलताही येईना, पोरगी परत कानाशी आली असती. दुसरीकडे कुठे जाणार होती मग? पुन्हा कोणासमोर असं बोलायची तिची छाती झाली नसती. तो ऊबदार श्वास, ती गुदगुली, तो एकटीचा हक्क, सगळं एका वाक्यात परत मिळत होतं. आजीने ओठ ओले केले. समोर पोरगी उभी होती, अंगात तिनेच शिवलेला गणवेश, खांद्यावर अचूक बसलेला, कुठे एक सुरकुती नाही; आणि त्या अचूक कपड्याच्या आत पोरगी थरथर कापत होती आणि तरी नजर खाली घालत नव्हती. ही नजर कोणाची आहे ते आजीला चांगलं माहीत होतं. त्या नजरेनेच ती आयुष्यभर लोकांना दुकानाबाहेर घालवत आली होती. आता ती स्वतःवर रोखलेली बघताना तिला पहिल्यांदा कळलं की समोरच्याला काय होत असेल.

बुटक्या खुर्चीतून उठायला तिला नर्सच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. ती पुढे गेली, वाटेतल्या गुडघ्यांना "सरका" म्हणत, आणि टेबलापाशी उभी राहून उजवा हात हेडमास्तरांच्या नाकापुढे धरला.

"घ्या. वाकवून बघा."

"अहो, तसं नाही, मी फक्त..."

"बघा म्हणते ना. ह्याच हाताने यंदाही तुमची पँट सैल केलीय. शिवण उसवली असेल तर इथेच सांगा, सगळे आहेत." मागे हशा झाला. हेडमास्तरांनी दोन बोटांनी तिचा अंगठा धरला, जरासा दाबला, आणि सोडला. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. तिला तो बघवेना म्हणून ती वळली, तर टाळीबाईचे डोळे भरलेले, आणि दोन्ही पंजे एकमेकांजवळ येत चाललेले.

"तुम्ही टाळी वाजवून तर बघा," आजी म्हणाली.

बाईचे हात तिथेच थांबले.

मग ती पोरीकडे वळली. "आणि तू काय बघतेस माझ्याकडे? अब्रू काढायची ती काढलीस, आता नीट काढ. खिसा कसा होता, का होता, सांग ह्यांना. मी नाही सांगणार तुझ्या वतीने."

पोरीने सुरुवात केली. आधी तुटक, मग सलग. खिसा कलता असला की हात बाजूने जातो आणि अंगठा बाहेर राहिला तरी खडू निघतो. तोंड मोठं ठेवलं, कारण आजीची बोटं जाड आहेत. कड दोनदा दुमडली, म्हणजे आतल्या टाचण्या बोचणार नाहीत. टाके वाकडे गेले ते मात्र खरंच चुकले, ते तिने पुन्हा घालायचे ठरवले होते पण वेळ नव्हता. नाडी लांब होती कारण आजीचं पोट मोठं आहे. लोक खदखदा हसले. पोरगी गोंधळून थांबली, मग आपलीही जरा हसली, आणि पुढे गेली. आजी खडू कसा पाडते, मग वाकते. गिऱ्हाइकांना वर बघायला का लावते. बरणीचं झाकण निघालं नाही की ते खराब आहे म्हणून कसं सांगते. एकेक गोष्ट, अगदी टेबलाखालून दिसलेली, टाके मोजून उसवावेत तशी. पुढच्या रांगेतल्या कोटवाल्या बाईने मान वाकडी करून नीट बघायला घेतलं. हेडमास्तर मान डोलवत होते. कार्टीला थांबायचं भानच नव्हतं. कानाशी कधी दोन वाक्यांपुढे न गेलेली पोरगी सगळ्या उपऱ्या माणसांना भरभरून सांगत सुटली होती, आणि त्यातलं एकही वाक्य आता आजीसाठी नव्हतं. हात अजून वर धरलेलाच होता, आजीचा खांदा भरून आला. हात खाली घ्यावा असं तिला फार वाटलं, पण पोरगी बोट रोखून त्याच हाताचं पुढचं दाखवत होती, तेव्हा तिने तो तसाच, सगळ्यांना दिसेल असा, वर धरून ठेवला.